साध्या ब्लेडची पकड बसवली आणि स्क्रोल सॉ बिथरला. आधी काय दुरुस्त करू?

वेलबुट्टी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणालाच नीट सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

माझ्याकडे १६ इंची, दोन समांतर आर्मचा स्क्रोल सॉ आहे, म्हणजे दोन आडव्या दांड्यांच्या टोकांत ताणलेलं बारीक ब्लेड वरखाली चालवून नक्षी कापणारं मशीन. स्ट्रोक, म्हणजे ब्लेडची वरखाली चाल, २० मिमी; वेग मिनिटाला ४०० ते १६०० स्ट्रोक. मूळ मशीन फक्त पिनवाल्या, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेल्या ब्लेडसाठी. चार वर्षं त्यावर मी लाकडी अक्षरं कापली आणि तक्रार अशी काही नव्हती. अडचण आली ती अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्यांची. 'ळ'चे दोन डोळे, 'थ'ची गाठ, 'क्ष'मधली फट. पिन आत घालायची तर साडेतीन-चार मिमीचं भोक पाडावं लागतं, आणि ३० मिमी उंचीच्या अक्षरात एवढं भोक पाडलं की डोळा त्यातच संपतो. बिनपिनचं दोन नंबरचं ब्लेड सव्वा मिमीच्या भोकातून आरामात जातं.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी साध्या ब्लेडच्या पकडी बसवल्या. छोटे लोखंडी ठोकळे आहेत. मधे चीर, बाजूला दोन ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू आणि टोकाला आडवी पिन, जी मूळ खोबणीत अडकते. ब्लेड पकडतात घट्ट, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तेव्हापासून मशीन माझं राहिलेलं नाही.

१२०० च्या वेगाला ६ मिमी प्लायसुद्धा टेबलावरून उचकतो. पूर्वी दोन बोटांनी दाबलेलं पुरायचं, आता तळहात टेकवावा लागतो. अरुंद वळणावर ब्लेड माझ्या आधीच पुढे जातं आणि रेषा ओलांडतं. 'श'च्या शेंडीला तर तीनदा हेच झालं. आणि ब्लेड तुटतं ते दर वेळी वरच्या पकडीच्या तोंडाशीच, दहा-पंधरा मिनिटांच्या कामात. दात अजून धारदार असतात हो! ते बघून जीव हळहळतो.

आतापर्यंत स्टँडखाली रबर घातलं, खालच्या फळीवर वाळूची २० किलोची पिशवी ठेवली. जमिनीला जाणवणारी थरथर कमी झाली, पण लाकडाचं उचकणं तसंच आहे. वरचा आर्म हाताने डावी-उजवीकडे हलवला तर टोकाशी साधारण अर्धा मिमी हलतो, हेही सांगून ठेवते.

आता पुढे काय करू? क्रँकला वजन लावून तोल साधू, पिव्होटला (आर्म ज्या बोल्टवर झुलतो तिथे) बॉल बेअरिंग बसवू, की स्टँडच नवा जड करू? तिन्ही गोष्टी एकदम करायला वेळ नाही, म्हणून क्रम विचारते आहे.

फळकूट

स्टँडबद्दल माझा अनुभव सांगतो. रबरापेक्षा बोल्ट बरे. मशीन जाड फळीला चारही बोल्टने घट्ट आवळा आणि ती फळी स्टँडला. नुसत्या रबरावर ठेवलेलं मशीन स्वतःच नाचतं. रबर घालायचंच असेल तर स्टँड आणि जमीन यांच्यामधे घाला. स्टँडचे मागचे पाय थोडे उंच करून मशीन आपल्याकडे पाच-सात अंशांनी झुकवलं तर मानही कमी वाकवावी लागते.

दुसरं, वेग कमी करून बघा. आर्म वरखाली होताना बसणारा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२०० वरून ६०० वर आलात तर धक्का निम्मा होत नाही, पाव होतो. प्लायला एवढा वेग लागतही नाही.

कानस

वेलबुट्टीताई, तुमच्या तिन्ही पर्यायांना तूर्त हात लावू नका. टूलरूममधे तीस वर्षं काढली आहेत, त्यात एक गोष्ट अंगवळणी पडली: मशीन काल बरं होतं आणि आज बिघडलं, तर काल आणि आजच्या मधे काय बदललं ते आधी मोजायचं. तुमच्याकडे बदलल्या फक्त पकडी. बेअरिंग चार वर्षं तेच आहे, स्टँड तोच आहे. मग दोष त्यांच्या माथी कसा मारायचा?

एक मोजमाप करा. प्लग काढा. ब्लेड नेहमीच्या ताणावर लावा. मोटरचा शाफ्ट हाताने फिरवून आर्म स्ट्रोकच्या बरोबर मधोमध आणा. आता टेबल बाजूला ठेवून मशीनच्या तळापासून दोन उंच्या मोजा: वरच्या आर्मच्या मागच्या पिव्होटची आणि पुढे जिथे पकडीची पिन बसते त्या खोबणीची. दोन्ही सारख्या यायला हव्यात. खालच्या आर्मचंही तसंच बघा.

मग एक जाड कार्ड ब्लेडच्या दातांसमोर, वरच्या पकडीच्या जरा खाली, केसाएवढी फट ठेवून उभं चिकटवा. शाफ्ट हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा आणि फट किती कमी-जास्त होते ते फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) बघा. हेच टेबलाच्या पातळीवर आणि खाली करा. आकडे इथे लिहा, मग बोलू.

जमलं तर जुन्या पिनवाल्या ब्लेडवर वरच्या खोबणीपासून खालच्या खोबणीपर्यंतचं अंतर मोजा, आणि नव्या पकडी लावून तेच अंतर परत मोजा. आणि पकडी काट्यावर टाका.

भुसा

बेअरिंगबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. टोकाशी अर्धा मिमी हलतंय म्हणजे पिव्होटमधले बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) झिजलेत. बॉल बेअरिंग टाकून मोकळ्या व्हा, पुन्हा बघायला नको.

वेलबुट्टी

काका, काल रात्री सगळं मोजलं. आकडे बघून मीच चकित झाले.

जुन्या पिनवाल्या ब्लेडला खोबणी ते खोबणी अंतर १२४ मिमी. नव्या पकडींसह १३८. स्ट्रोकच्या मधोमध खालचा आर्म अगदी आडवा आहे, मागे-पुढे उंची सारखी. वरचा मात्र पुढे १४ मिमी उंच. इतके दिवस समोर बसून कापते आहे, पण हा चढ डोळ्यांना कधी दिसला नाही, कारण वरचं कव्हर स्वतःच तिरकं आहे.

कार्डाची फट वर ०.७ मिमीने बदलते, टेबलाशी ०.४ आणि खाली ०.१ च्या आसपास. आर्म खाली येताना ब्लेड माझ्याकडे येतं, वर जाताना मागे जातं. पिव्होटपासून पुढच्या खोबणीपर्यंत आर्मची लांबी ४०० मिमी. एका पकडीचं वजन ३८ ग्रॅम भरलं. मूळ पिनच्या ब्लेडला आर्मवर वेगळं असं काही लागतच नव्हतं.

कानस

सापडलं की! आता सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या दुरुस्त्या तुमच्या तुम्हालाच सुचतील.

आर्मचं टोक सरळ रेषेत वरखाली होत नाही, पिव्होटभोवती कमानीत फिरतं. आर्म मधल्या स्थितीत आडवा असेल तर १० मिमी वर आणि १० मिमी खाली जाताना टोक मागे सरकतं ते फक्त ०.१२ मिमी, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखंच. खालच्या आर्मला तुम्हाला तेवढंच मिळालं. पण आर्म आधीच १४ मिमी चढलेला असेल, तर तो कमानीच्या तिरक्या भागात काम करतो. २० मिमीच्या स्ट्रोकमधे सरकणं २० गुणिले १४ भागिले ४००, म्हणजे ०.७ मिमी. तुमच्या फिलर गेजने तोच आकडा दाखवलाय. मोजणी फार नीट केलीत.

आता हा आकडा लाकडाच्या बाजूने बघा. तुम्ही मिनिटाला समजा ३०० मिमी लाकूड पुढे ढकलता आणि स्ट्रोक आहेत १२००. म्हणजे एका स्ट्रोकला तुम्ही पाव मिमी ढकलता. त्याच वेळी ब्लेड खाली येता येता टेबलाशी ०.४ मिमी स्वतःहून लाकडात घुसतं. तुमच्या हातापेक्षा त्याचा घास मोठा. म्हणून ते रेषेवर तुमच्या आधी पुढे जातं आणि वळणावर ताबा सुटतो. वर जाताना ते मागे हटतं, पण खाचेत दाबलेलं असतं म्हणून लाकूडही सोबत उचलू पाहतं. उचकणं ते हेच. वाळूची पिशवी यावर काय करणार?

थोडंसं, म्हणजे ०.२ मिमीच्या आतबाहेर, खाली येताना पुढे येणं चांगलंच असतं. दात चावतात, वर जाताना खाचेतला भुसा मोकळा होतो. जाड कठीण लाकडाला काही जण मुद्दाम तेवढं ठेवतात. तुमच्या बारीक अक्षरांना मात्र जितकं कमी तितकं उत्तम.

वरचा आर्म चढला कसा, तेही बघा. खालचा आर्म कनेक्टिंग रॉडला बांधलेला आहे, त्याची जागा ठरलेली. मागे ताणाचा जो रॉड आहे, तो आवळला की दोन्ही आर्मची मागची टोकं जवळ येतात आणि पुढची फाकतात. ती कुठवर फाकणार ते ब्लेड आणि पकडींची मिळून लांबी ठरवते. पकडींनी ती १४ मिमीने वाढवली, सगळा चढ वरच्या आर्मच्या वाट्याला आला.

पकडीचं वजन हा दुसरा भाग. १२०० वेगाला आर्मच्या टोकाला स्ट्रोकच्या शेवटी गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट त्वरण येतं. म्हणजे ३८ ग्रॅमचा ठोकळा तिथे ६०० ग्रॅमसारखा वागतो, एकदा वर आणि एकदा खाली, सेकंदाला वीस वेळा. फळकूट यांनी वेगाच्या वर्गाची गोष्ट सांगितली ती अगदी बरोबर आहे, ६०० वेगाला हाच आकडा दीडशेवर येतो.

आधी एक कच्ची चाचणी करा. एका ब्लेडच्या दोन्ही टोकांचे ७-७ मिमी तुकडे पक्कडीने मोडून टाका. डोळ्यांवर गॉगल हवाच, तुकडा उडतो. पकडीत थोडे दात जातील, दोन-चार मिनिटांच्या चाचणीला ते चालतं. अंतर १२४ वर येईल. लाकूड शांत झालं तर नव्या पकडी करू.

भुसा यांना: बॉल बेअरिंग हा उपाय दिसायला छान आहे, पण या जागी नको. हा पिव्होट गरगर फिरत नाही. २० मिमीचा स्ट्रोक आणि ४०० मिमीचा आर्म, म्हणजे तो एकूण जेमतेम तीन अंश झुलतो. बेअरिंगमधला गोळा एवढ्याशा हालचालीत पूर्ण लोळतही नाही, त्याच जागी मागेपुढे घासत राहतो. ग्रीस तिथून बाजूला सरतं, कडीवर गोळ्यांच्या जागी खळगे पडतात आणि मग आर्म त्या खळग्यांत ठकठक करतो. अशा जागी तेल मुरवलेले ब्राँझ बुश किंवा बारीक रोलरचे नीडल बेअरिंग बरे, कारण तिथे भार मोठ्या जागेवर पसरतो.

वेलबुट्टी

चाचणी केली. त्याच प्लायचा तुकडा, तोच वेग, टोकं मोडलेलं दोन नंबरचं ब्लेड. लाकूड टेबलावर गप्प बसलं! दोन बोटांवर 'ळ'चा पहिला डोळा कापला आणि मशीन बंद करून नुसती बघत राहिले. कड इतकी नितळ आली होती की पॉलिश पेपर लावायची गरज नाही.

आता नव्या पकडी कशा करू ते सांगा. माझ्याकडे ड्रिल प्रेस, हॅक्सॉ, कानशी आणि आटे पाडायचे टॅप आहेत. लेथ नाही.

दुसरं, ब्लेड पकडीच्या तोंडाशी का तुटत होतं? तेही याच चढामुळे का?

कानस

तुटण्याचं आधी सांगतो. आर्म तीन अंश झुलतो, ब्लेड मात्र ताणाखाली सरळ राहू पाहतं. तेवढा कोन पकडीच्या पिनने खोबणीत फिरून द्यायचा असतो. ती फिरली नाही तर तो कोन ब्लेडच घेतं, आणि वाकतं ते नेमकं पकडीच्या कडेशी. दहा मिनिटांत बारा हजार वेळा तिथेच वाकवलेली तार तुम्ही तरी किती टिकवाल? पकड काढून खोबणी बघा. बहुतेक पिनच्या बाजूला चकाकी असेल किंवा गंज. पिन गोल आणि गुळगुळीत हवी, खोबणीत तेलाचा एक थेंब हवा, आणि ठोकळ्याच्या बाजू आर्मच्या गालांना घासता कामा नयेत. शिवाय ब्लेड जिथून बाहेर येतं ती चिरेची कड कानशीने किंचित मोडा. कोरी कड म्हणजे ब्लेडला दिलेली खूणच.

पकडी: १० मिमी चौरस लोखंडी पट्टी घ्या, लांबी २० मिमी पुरे. मधोमध उभी चीर हॅक्सॉने, ती आरपार जाऊ दे. मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुमच्या जुन्या पकडीत आडवी पिन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग आहे, म्हणून ब्लेडला तिच्या अलीकडेच थांबावं लागतं आणि लांबी वाढते. नव्या पकडीत सलग पिन नको. दोन्ही गालांत अर्धी-अर्धी पिन ठोकून बसवा, मधली चीर मोकळी. ब्लेडचं टोक दोन पिनांच्या मधून पलीकडे निघून जाईल. पिनच्या मध्यापासून पकडीच्या तोंडापर्यंत साडेआठ मिमी ठेवा. ब्लेडचं मोकळं अंतर १०७ मिमी राहतं, त्यात साडेआठ दोनदा मिळवले की तुमचे १२४.

भोकं पट्टी कापण्याआधी पाडा. लांब पट्टी ड्रिल प्रेसवर नीट धरता येते, २० मिमीचा तुकडा हातात धरून कधीच पाडू नका. ग्रब स्क्रू ५ मिमीचा, एकच. त्याचं टोक बहुधा वाटीसारखं खोलगट असतं, ते कानशीवर सपाट करा. खोलगट टोक ब्लेडला दोन कडांवर चावतं आणि ब्लेड वाकडं बसतं. समोरच्या गालात स्क्रूचं टोक टेकतं तिथे सपाट जागा असू दे.

आणि ब्लेडची टोकं लावण्याआधी बारीक पॉलिश पेपरवर एकदा ओढा. नव्या ब्लेडवर तेलाचा थर असतो, त्याने ती निसटतात. मग माणूस स्क्रू आवळत सुटतो आणि आटे जातात.

अ‍ॅल्युमिनियमचा मोह होईल, वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. पण दिवसात तीस वेळा ब्लेड उघडायचं असेल तर आटे महिनाभरही टिकायचे नाहीत. लोखंडच लहान करा.

फळकूट

हे वाचून मीही माझं मशीन मोजलं. वरचा आर्म ५ मिमी खाली झुकलाय. म्हणजे माझं उलट होत असणार, खाली येताना ब्लेड मागे सरतं? म्हणूनच कदाचित मला नेहमी जास्त जोर लावावा लागतो.

कानस

बरोबर. दात कापायच्या वेळी मागे सरतात आणि परतताना लाकडाला ढकलतात. पकड ५ मिमी लांब करा, जोर लागायचा थांबेल.

भुसा

नीडल बेअरिंगचं पटलं. एक भर घालतो. भुसा उडवणारा भाता त्या मशीनवर कमजोर असतो, ब्लेडच्या एका स्ट्रोकला एक फुंकर. माशांच्या टाकीचा छोटा हवापंप लावा, नळी ब्लेडच्या डाव्या बाजूने. हवा सलग येते, रेषा कायम दिसते. आणि टेबलाच्या भोकावर खेळायचा पत्ता चिकटवून ब्लेडएवढंच छिद्र ठेवा, 'ळ'च्या डोळ्यांचे कापलेले तुकडे आत पडत नाहीत, खालची कडही तुटत नाही.

वेगासाठी दिव्याचा डिमर मात्र लावू नका. इंडक्शन मोटर त्याने हळू होत नाही, तापते.

वेलबुट्टी

पकडी झाल्या. दोन रविवार गेले. पहिली जोडी फुकट गेली, चीर तिरकी निघाली आणि ब्लेड टेबलाला गुण्यात (काटकोनात) येईना. दुसऱ्या वेळी पट्टी व्हाइसमधे दोन लाकडांच्या मधे धरून हॅक्सॉ लाकडाच्या कडेला टेकवून चालवला, तेव्हा सरळ आली. एका पकडीचं वजन १३ ग्रॅम.

अंतर १२५ निघालं. वरचा आर्म एक मिमी उंच आहे, तो तसाच ठेवते. कार्डाची फट वर ०.१५, टेबलाशी त्याहून कमी. जुन्या खोबणीत काका म्हणाले तसा गंज होताच, आणि पिनच्या एका अंगाला चपटी चकाकी. खोबणी गोल कानशीने साफ केली, तेल सोडलं. एका ब्लेडवर काल पाऊण तास कापत होते. ते तुटलं नाही, दात बोथट झाले म्हणून मी स्वतः काढलं. या मशीनवर असं दोन महिन्यांत पहिल्यांदा घडलं.

एक गोष्ट राहिली. सरळ रेषेत कापताना ब्लेड अजूनही उजवीकडे ओढतं, लाकूड जरा तिरकं धरून ढकलावं लागतं. आणि टोकाशी अर्धा मिमी हलतंय ते आहेच. हे दोन्ही एकच आहे का?

कानस

तेरा ग्रॅम! शाब्बास.

नाही, दोन्ही वेगळं. उजवीकडे ओढणं ब्लेडचं आहे, मशीनचं नाही. पट्टीतून दात कापून काढतात तेव्हा एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, ती बाजू जास्त चावते. ब्लेड उलटं फिरवून उपयोग नाही, दात वर होतील. लाकूड तीन-चार अंश तिरकं धरायची सवय लावा, किंवा मशीन चालू असताना ब्लेडच्या उजव्या अंगाला बारीक धारेचा दगड सपाट धरून हलकेच एकदा टेकवा.

अर्धा मिमी मात्र बुशचा. तुमचा बुश किती लांब आहे ते मोजा. ४० मिमी असेल तर त्यात पाच शतांश मिमीची ढिलाई टोकाशी दहापट होऊन अर्धा मिमी दिसते. आधी पिव्होटचा बोल्ट अर्धा आटा आवळून बघा, आर्म स्वतःच्या वजनाने सुटून खाली यायला हवा एवढाच. तरीही हललं तर बोल्ट काढून त्याचा व्यास व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजा. बहुतेक वेळा बुशआधी बोल्टच झिजलेला असतो, आणि तो बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. आकडे मिळाले की टाका इथे.

वेलबुट्टी

बुश ३८ मिमी लांब. बोल्ट दोन्ही टोकांना ७.९८, मधे ७.९१. उद्या नवा बोल्ट आणते.